तखताचे पाय

नातीला, मृणालला पाहायला पहिले पाहुणे आले त्या साली, म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्यात, जानराव मेश्रामांच्या भिलाईतल्या घरात सोफा आला. पाहुणे येणार म्हणूनच तो आला, आणि पाहुण्यांच्या देखतच त्यानं जानरावांची अब्रू घेतली. घेतली ती कुणाला दिसली मात्र नाही. दिसली असती तर बरं झालं असतं, चार माणसं धावली असती, कुणी पाणी आणलं असतं आणि गोष्ट तिथंच मिटली असती. झालं एवढंच, की भिलाई-३ वस्तीतले श्यामराव रामटेके, मुलाचे आजोबा, सगळ्यांच्या शेवटी दारातून आत आले, काठी भिंतीला टेकवून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मोकळ्या आवाजात ‘जयभीम’ म्हणाले. खोलीतली सगळी माणसं उभी होती. जानरावांचा मुलगा प्रेमानंद उभा होता, सून रीना उभी होती, बायको सत्यशीला स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरत उभी होती. जानरावांनी उठण्यासाठी दोन्ही हात बाजूला टेकवले तर हातच मनगटापर्यंत आत गेले. त्यांनी जोर केला, अंग वीतभर वर आलं, गुडघ्यांत कुणी सुतळी आवळावी तशी कळ गेली आणि सोफ्यानं त्यांना पुन्हा आत ओढून घेतलं. दुसऱ्यांदा जोर करायला वेळ नव्हता. समोर माणूस हात जोडून उभा होता. जानरावांनी बसल्या जागी हात जोडले, ‘जयभीम’ म्हणाले, आणि आपली फजिती दिसू नये म्हणून चेहरा दगडासारखा केला. नेमका तो चेहराच नडला. श्यामरावांनी त्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं. ‘या, इकडं बसा,’ म्हणून प्रेमानंद सोफ्याची रिकामी बाजू दाखवत होता, पण ते व्हरांड्यात गेले, तिथली लाल प्लॅस्टिकची खुर्ची एका हातानं उचलून आत घेऊन आले आणि तिच्यावर ताठ बसले. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले, जाईपर्यंत तसेच. चहा त्यांनी अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा रीनाला फोन आला. रीनानं स्पीकर लावला होता, म्हणून जानरावांना आतल्या खोलीत सगळं ऐकू आलं. “तसं काही नाही हो ताई, पोरगी तर आमाले पसंतच आहे. पण आबाजीले लागलं ते. म्हणत होते, बरोबरीचा माणूस दारात हात जोडून उभा, अन् हे बसून राहिले. म्हणे, हे प्लांटवाले, आमी गँगमन. रेल्वेच्या पटरीवरचा माणूस यांच्या सोफ्यावर कसा शोभंन.” मुलाचा, म्हणजे प्रशांतचा, बाप तो लहान असतानाच गेला होता. आजोबांनी वाढवलेला पोरगा, तेव्हा आजोबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, हे इकडं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं, की लोको शेडमधला प्रशांत आणि मृणाल एकमेकांना आधीपासून ओळखतात. पाहण्याचा कार्यक्रम घरच्यांच्या समाधानासाठी ठेवला होता. ‘कार्यक्रम क्या, फॉर्मॅलिटी है,’ असं मृणालच म्हणाली होती, हसत. त्या दिवशी ती हसत नव्हती. दारात येऊन उभी राहिली. “आबाजी, आप उठे क्यों नहीं?” जानरावांनी वर्तमानपत्र उलटं केलं. मग प्रेमानंद आला. तो रसमड्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि घरातही पोरांशी, बापाशी, नळवाल्याशी एकाच आवाजात बोलायचा. “बाबा, दोन मिनिटं उभं राहाले काय झालं होतं?”

“नाही उठलो.”

“पण कावून?”

“माह्या घरात मी उठीन नाहीतर बसीन. तुले काय करायचं आहे?”

 ‘पोरीचं आयुष्य आहे बाबा,’ एवढं म्हणून प्रेमानंद गेला. आणि जानरावांच्या अंगाची नुसती आग झाली. मले उठता नाही आलं, एवढंच म्हणायचं होतं. लहान पोरानं म्हणावं इतकं सोपं वाक्य. पण ते म्हणायचं राहिलं ते राहिलंच. कारण जानरावांना ठाऊक होतं की त्या वाक्याच्या मागं काय काय रांगेनं उभं आहे. आज उठता नाही आलं म्हणालं की उद्या डॉक्टर, परवा ती चार पायांची ॲल्युमिनियमची घोडी, मग संडासात बसवायची खुर्ची, मग ‘बाबा, एकटे गेटबाहेर जाऊ नका’. प्लांटच्या वसाहतीतला, सेक्टरमधला शेजारी असाच एका वाक्यानं खाटेला लागला होता. आणि दोष कुणाचा? गुडघ्यांचा? याच गुडघ्यांनी परवापर्यंत ते भाजीबाजारात जाऊन येत होते, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठत होते, पलंगावरून उठत होते. प्लांटमध्ये, भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रिगर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं होतं. साखळ्या, घोडे, पहारी लावून शेकडो टनांची धुडं जागची हलवली होती, आणि हे एवढंसं अंग एका स्पंजातून वर काढता आलं नाही. दोष त्या सोफ्याचा होता. आणि सोफा ज्यानं आणला त्याचा. आणला तर आणला, विचारलं कुणी? ‘सरप्राइज,’ म्हणे. रायपूरहून ट्रकमधून दोन तुकडे उतरले, मरून रंगाचे, मखमली, वरून जाड पारदर्शक प्लॅस्टिक. दोन तुकडे लोखंडी आकड्यानं एकमेकांत अडकवले की त्याचा काटकोन व्हायचा आणि त्या काटकोनात पुढची सगळी खोली जायची. प्लॅस्टिक काढायचं नाही, असं रीनानं सांगितलं होतं. प्लांटची काळी धूळ बसते, मखमल दोन महिन्यांत जाईल. म्हणजे मखमल होती, पण बसायचं प्लॅस्टिकवर. मे महिन्यात उघडी पोटरी त्याला चिकटायची आणि उठताना चर्रकन सुटायची, पट्टी ओढावी तशी. बसलं की आधी खालून हवा जायची, फुस्स, मग माणूस जायचा, आणि जात जातच राहायचा. गुडघे वर येत, पोट दुमडे, हनुवटी छातीशी येई. समोर कुणी उभं असेल तर त्याच्याकडं मान वर करून पाहावं लागे.

त्या मान वर करण्यानंच त्यांचं डोकं फिरायचं. पहिल्या दिवशी बसले तेव्हाच काहीतरी ओळखीचं वाटलं होतं. आपण असं कधी बसलो नाही, मग हे अंगाला माहीत कसं, असं वाटलं होतं. आता पाहुणे येऊन गेल्यावर ते एकदम कळलं. असं आपण बसलो नव्हतो, बाप बसायचा. भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडच्या गावात पाटलाच्या अंगणात बाप उकिडवा बसायचा, गुडघे छातीशी, हात गुडघ्यांभोवती, मान वर. पाटील ओट्यावर. बोलावलं की तसं जाऊन बसायचं, आणि पाटील उठला की उठून उभं राहायचं, तो गल्लीतून गेला तरी उठून उभं राहायचं. जानराव सहासात वर्षांचे असतील, अंगणाबाहेरच्या कडुलिंबावर चढून निंबोळ्या पाडत होते, आणि वरून त्यांना बापाचं डोकं दिसलं होतं. मधोमध टक्कल पडलेलं, कळशीच्या बुडाएवढं, घामानं चकाकणारं. बापाला टक्कल आहे हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. लहान पोराला बाप खालूनच दिसतो. वरून पाहिला तेव्हा तो इतका लहान, इतका गोळा झालेला दिसला की जानराव झाडावरून उतरले ते निंबोळ्या तिथंच टाकून घरी पळाले, आणि रात्री बापाजवळ झोपायलाही त्यांना लाज वाटली. पुढं छप्पन साली बाप नागपूरला गेला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, बरोबर शिदोरी, अर्धी वाट पायी. दीक्षा घेऊन परतला आणि त्यानं फार काही केलं नाही. भाषण नाही, भांडण नाही. फक्त ज्याच्यासाठी उठावं लागत होतं त्याच्यासाठी उठायचं सोडलं, आणि ज्याच्यासाठी कुणीच कधी उठत नव्हतं त्याच्यासाठी उठायला लागला. दारात मोळीवाला येवो, शेजारचा सालदार येवो, वाट चुकलेला कुणी येवो, बाप जेवणावरून उठून ताठ उभा राहायचा, हात जोडायचा, ‘जयभीम’ म्हणायचा. घास तोंडात असला तर गिळून म्हणायचा. जानरावांना शाळेनं फार काही दिलं नव्हतं, वाचण्यापुरती, सही करण्यापुरती अक्षरं ते पुढं भिलाईत, मिसरूड फुटल्यावर शिकले. पण हे उठणं त्यांना बापाकडून मिळालं होतं आणि त्यांनी ते आयुष्यभर सांभाळलं होतं. त्यांच्या दारातून आलेला माणूस आणि ते उठले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. झालं ते नातीच्या सोयरिकीत झालं. आणि तो समोरचा म्हातारा, तो गँगमन, त्याला वाटलं की हा प्लांटचा माज. माज! जानरावांना त्याचाही राग आला. माणसाकडं एकदा पाहून ओळखता येऊ नये? इतकी वर्षं रुळांवर हातोडा मारून आवाजावरून फट ओळखत असशील, मग माणसाची फट तुला दिसली नाही?

सोफ्याच्या आधी त्या जागी तखत, म्हणजे जाड लाकडी दिवाण, असायचं. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये तर तेच एक बसायचं साधन होतं. प्लांट वाढत होता त्या काळात परदेशातून यंत्रं यायची, मोठाल्या लाकडी पेट्यांत. पेटी फोडली की लाकूड कामगारांना मिळायचं, आणि भिलाईत तेव्हा घरोघरी त्या लाकडाच्या फळ्या, दारं, मांडण्या, कोंबड्यांची खुराडी असत. जानरावांनी त्यातल्या जाड तुळया निवडून तखत केलं होतं. सुतार म्हणाला, पाय जरा आखूड करू, म्हणजे झोपायला बरं. जानराव म्हणाले, नाही. हजेरी घेणाऱ्या साहेबाच्या खुर्चीएवढं पाहिजे. बसलं की गुडघे काटकोनात, तळवे जमिनीला आणि नजर समोर. उठायचं म्हटलं की माणूस आपोआप उभा. त्या तखतावर क्वार्टरमध्ये कोण कोण बसलं नाही! युनियनचे लोक बसले, गावचे बसले, एकदा तर ज्याच्या आजोबांच्या अंगणात बाप उकिडवा बसायचा तो पाटलाचा नातूही नोकरीसाठी शब्द टाकायला आला आणि तखतावर बसला. जानराव त्याच्यासाठीसुद्धा उठले होते. तखतावर सगळे एका उंचीचे होते. प्रेमानंद त्याच तखतावर जन्मला होता, दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही. आणि तोच आता म्हणतो, “बाबा, ते लाकडी धूड पाहुण्यांसमोर चांगलं नाही दिसत.” तखत छतावर गेलं, पत्र्याखाली, जुन्या कूलरच्या शेजारी.

सत्यशीलाचं वेगळं होतं. तिचा राग चुलीवरच्या दुधासारखा, वर आला की फुंकर घालून खाली बसवायचा. तिनं पहिल्याच आठवड्यात सोफ्याशी तोडगा काढायला सुरुवात केली. आधी गोधडीची चौघडी करून आत ठेवली. ती प्लॅस्टिकवरून घसरली आणि तिच्यासकट जानराव घसरले. मग प्लायवूडचा तुकडा घातला, तर बसल्यावर तो एका बाजूनं वर येऊन ढोपराला लागला. शेवटी ती स्वतः सोफ्याच्या हातावर बसायला लागली, कोंबडी काठीवर बसते तशी. “मले तर लय चांगला वाटते,” ती म्हणायची. “पंधरा हजाराचा गादीवाला सोफा, अन् मी बसतो त्याच्या दांडीवर. राणीच झालो मी.” रीना हे ऐकून रडकुंडीला आली. रीना वाईट नव्हती, हे जानरावांना मनात मान्य होतं आणि त्यानंही राग वाढायचा. वाईट असती तर बरं झालं असतं. “आई, फोटोत उंच दिसत होता हो. मले काय माहीत असा निंगंन!” “तुह्या सासऱ्याले सांग ना मंग.” “बाबा बोलतच नाहीत माह्याशी.” “ते कोणाशीच नाहीत बोलून राहिले. सोफ्याशी तेवढे बोलतात. काल म्यां ऐकलं, शिव्या देऊन राहिले होते त्याले.” खरंच दिल्या होत्या. दुपारी घरात कुणी नसलं की जानराव सोफ्यासमोर उभे राहात, कंबरेवर हात ठेवून, आणि त्याच्याकडं पाहात. प्लॅस्टिकमध्ये खिडकी दिसायची, खिडकीत पांढरं झालेलं आभाळ. हे जनावर इथं पसरलंय, आपल्याहून जास्त जागा घेऊन, आणि आपण त्याला काही करू शकत नाही. मग ते बसून बघत. हट्टानं. एकदा, दोनदा, उठायचा सराव करत. पुढच्या कडेला सरकायचं, डोकं पुढं, हात गुडघ्यांवर. कधी जमायचं, कधी नाही. एकदा अजिबातच जमलं नाही तेव्हा ते अंग टाकून जमिनीवर उतरले, रांगत टेबलापर्यंत गेले आणि टेबल धरून उठले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. जानरावांनी तिकडं पाहिलं नाही.

आतमध्ये मृणाल फोनवर बोलायची, दार लावून. आधी हसण्याचा आवाज यायचा, आता नुसती कुजबुज. एकदा जेवताना म्हणाली, “प्रशांत बोल रहा था, उसके आबाजी को एक बार और लाएगा. मना लिया है बड़ी मुश्किल से. आबाजी, इस बार... प्लीज.” तिनं वाक्य पुरं केलं नाही. पोरीनं ताटातला भात बोटांनी एका बाजूला केला, पुन्हा दुसऱ्या बाजूला केला. जानराव म्हणाले, “येऊ दे.” आवाज असा निघाला की प्रेमानंदनं रीनाकडं पाहिलं.

पाहुण्यांचा रविवार ठरला. शनिवारी प्रेमानंद कामावर, रीना तिच्या शाळेच्या कामाला, मृणाल औषधाच्या दुकानातल्या नोकरीवर, आणि जानराव करवत घेऊन छतावर गेले. ऊन टाळूत शिरत होतं. त्यांनी तखत आडवं केलं. खालच्या बाजूला पेटीवरची परदेशी अक्षरं अजून होती, पुसट काळी, एक बाण वर दाखवणारा आणि एक छत्री. ही बाजू वर, भिजवू नका. इतक्या वर्षांत तखताखाली झाडू मारणाऱ्यांनीच ती पाहिली होती. जानरावांनी पहिल्या पायाला करवत लावली आणि थांबले. मग राग आला, आणि रागानं हात चालला. लाकूड जुनं, आतून पिवळं, कापताना त्याचा वास सुटला, राळेचा, पहिल्या दिवशी आला होता तसाच. घाम डोळ्यांत जात होता. जे आपलं ते कापायचं आणि जे आपल्याला पाडतं त्याला पाय लावायचे. हे असंच. असंच करत आलो. करवत अडकली की ते शिवी द्यायचे, ती कुणाला होती हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. चौथा पाय पडला तेव्हा मागं सत्यशीला उभी होती. तिच्या हातात वाळवायचे पापड होते.

“हे काय करून राहिले तुमी?”

“दिसत नाही?”

“पोरगा झाला होता माहा त्याच्यावर.” ती ओरडली नाही. पण हा राग फुंकर घालून बसणारा नव्हता. “एक शब्द तोंडातून काढायले जड, अन् तखत कापाले हलकं. असा कसा माणूस हो तुमी!”

“पहार आण.”

“मी नाही आणत.”

पण आणली. सोफ्याच्या मोठ्या तुकड्याचा आकडा त्यांनी काढला, पहार लावून एकेक कोपरा उचलला, आणि ती शिव्या देत, धापा टाकत, एकेक पाय खाली सरकवत गेली. मोठा तुकडा वर आला. जानरावांनी बसून पाहिलं. वर उंची मिळाली, शिवाय त्यांनी तोडलेल्या तखताची एक फळी गादीखाली घातली होती. गुडघे काटकोनात. तळवे जमिनीला. ते उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. छोटा तुकडा शेजारी तसाच राहिला, खाली, हातभर खाली. घरमालकाच्या शेजारी बसलेल्या गड्यासारखा. “याचं काय?” सत्यशीलानं विचारलं. “पाय तर चारच होते,” जानराव म्हणाले. ते खरं होतं. पण फळ्या उरल्या होत्या, विटा होत्या अंगणात. सत्यशीलानं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी व्हरांड्यातली लाल प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, जिन्यानं वर छतावर नेली आणि पत्र्याखाली ठेवून दिली. मोठा तुकडा आपण अडवला की पाहुण्याला बसायला आता एकच जागा उरत होती. बस म्हणावं. बसून पाहा म्हणावं, कसं असतं. ताठ बसतोस ना काठीवर हात ठेवून? या विचारानं त्यांना कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं, आणि संध्याकाळी रीना सोफा पाहून ‘अग्गोबाई, हे काय केलं’ म्हणाली तरी ते बरं वाटणं टिकलं. प्रेमानंद मात्र तणतणला. “उंट बसला आहे का घरात? लोक काय म्हणतीन?” मृणालनंच खाली चादर लावून लाकडाचे पाय झाकले. “रहने दो पापा. आबाजी उठेंगे तो सही.” ती असं म्हणाली आणि जानरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

रविवारी श्यामराव आले. प्रशांत होता, त्याची आई होती. या वेळी ते मागं राहिले नाहीत, पुढंच आले, उंबऱ्यात काठी आपटून. जानराव सगळ्यांच्या आधी उठले. एका दमात, हात न टेकवता. ताठ उभे राहिले आणि हात जोडून इतक्या मोठ्यानं ‘जयभीम’ म्हणाले की आतला कुकरही क्षणभर गप्प झाल्यासारखा वाटला. श्यामरावांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी हात जोडले. डोळे व्हरांड्यात खुर्ची शोधायला गेले, रिकामे परतले. “बसा,” जानराव म्हणाले आणि खालचा तुकडा दाखवला. श्यामराव बसले. फुस्स झालं. ते गेले, जात गेले, हातातली काठी आडवी होऊन जमिनीवर खडखडली, गुडघे वर आले. जानराव आपल्या जागी बसले, वर. चहा आला. बोलणं सुरू झालं, मुलाच्या ड्यूटीचं, उन्हाचं, गाड्या किती उशिरा चालून राहिल्या त्याचं. श्यामरावांना उत्तर देताना मान वर करावी लागत होती. जानरावांना ते दिसत होतं आणि पोटात गार वाटत होतं. कर. अजून कर वर. मग सत्यशीलानं मेणबत्ती लावली आणि म्हणाली, “चला, आधी वंदना घेऊ, मंग पोरांचं बोलू.” सगळे उठले. जानराव उठले.

श्यामराव उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात बाजूला टेकवले, हात आत गेले. अंग वीतभर वर आलं आणि परत गेलं. दुसऱ्यांदा जोर केला, मानेची शीर फुगली, परत गेलं. घरात सगळे हात जोडून उभे, समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्तीची ज्योत, कुणी सुरुवात करत नव्हतं. जानराव वरून पाहात होते. श्यामरावांच्या डोक्यावर मधोमध टक्कल होतं, कळशीच्या बुडाएवढं, घामानं चकाकणारं. आणि मग त्या माणसानं चेहरा वर केला, आणि तो चेहरा दगडासारखा होता. जानरावांनी तो ओळखला. तो चेहरा कुणाचा ते त्यांनाच ठाऊक होतं. ज्यानं तो स्वतः केला आहे त्यालाच ओळखता येतो. पोटातला गारवा कुठल्या कुठं गेला. कडुलिंबावरून निंबोळ्या टाकून पळालेलं पोरगं आणि ओट्यावर बसलेला माणूस, दोघंही आपणच. “आबाजी, हात द्या,” म्हणत प्रशांत पुढं झाला होता.

“राहू दे,” जानराव म्हणाले. “हात नको लावू त्यायले.”

ते चार पावलं चालले आणि श्यामरावांच्या शेजारी, त्या खालच्या तुकड्यावर बसले. सोफ्यानं दोघांना एकदमच आत घेतलं, खांद्याला खांदा लागला. जानरावांचे गुडघे छातीशी आले. त्यांनी गुडघ्यांवरून हात जोडले. “बसूनच म्हणू,” ते म्हणाले.  मग मृणाल खाली फरशीवर बसली. तिचं पाहून प्रशांत बसला, त्याची आई बसली, रीना, सत्यशीला, शेवटी पँट सावरत प्रेमानंद. आणि वंदना झाली. दोन म्हाताऱ्यांचे आवाज एकमेकांच्या मागंपुढं होत होते, श्यामराव शब्द लांबवायचे, जानराव तोडायचे.  वंदना संपल्यावर श्यामराव समोर पाहातच हलक्या आवाजात म्हणाले,

“त्या दिवशी तुमालेबी?”

“हाव.”

“मंग सांगाले काय झालं होतं?”

“तुमी आता सांगत होते काय?”

 श्यामरावांचं पोट हलायला लागलं. जानरावांना वाटलं, खोकताहेत. “याले आणलं कोणं?” श्यामरावांनी विचारलं.

“पोरानं.”

“जाळून टाका बापा.”

“इतका स्पंज जळते काय? धूर निंगंन नुसता.” आणि हे बोलताना जानरावांना पुन्हा राग आला, खराखुरा, हसताहसता. त्यांनी मूठ वळली आणि सोफ्याच्या कडेवर मारली. प्लॅस्टिकवर फट्कन आवाज झाला. श्यामरावांनीही आपल्या बाजूला एक मारली. रीना रडत होती की हसत होती ते तिच्या ओढणीआड कळत नव्हतं. “मले काय माहीत बाबा,” एवढंच ती म्हणत होती. जानराव म्हणाले, “तुले कोण म्हणून राहिलं?” आणि मग, समोर सगळे असताना, सुनेकडं नाही, मुलाकडं नाही, मेणबत्तीकडं पाहात म्हणाले, “मले उठता नाही आलं त्या दिवशी.”  प्रेमानंद फरशीवरची काठी उचलून ती पुसत बसला. ज्याची होती त्याला द्यायचं त्याला सुचलंच नाही. उठायची वेळ आली तेव्हा मृणालनं जानरावांचे हात धरले, प्रशांतनं श्यामरावांचे. “तीन पर खींचूँगी आबाजी.” दोनवरच ओढलं तिनं.

सोफा कुणी जाळला नाही. बदललाही नाही. दुसऱ्या दिवशी जानरावांनी तखताच्या उरलेल्या फळ्या कापून छोट्या तुकड्याखाली घातल्या, आणि आता तो अख्खा इतका उंच झाला की बसणाऱ्या बायकांचे पाय जमिनीला लागत नसत, पोरांसारखे लोंबत. पाहुणे विचारत. रीना सांगे, आमच्याकडं असाच आहे. प्लॅस्टिक पुढं फाटलं, मखमलीवर प्लांटची धूळ बसली, ती तिच्या रंगातच मिसळली. जानराव त्यावर बसत, उठत, आणि प्रत्येक वेळी उठताना त्याला काहीतरी पुटपुटत. राग गेला नव्हता. सत्यशीलानं एकदा विचारलं, “आता काय राहिलं त्याच्यावर रागवाले?” ते म्हणाले, “पाय माहे आहेत त्याले.”

लग्न त्याच सालच्या डिसेंबरात झालं. श्यामराव रामटेके भिलाई-३ ला २०२४ च्या मार्चमध्ये वारले. जानराव मेश्राम त्याच वर्षी ऑगस्टात वारले.